हिरड्या, मशेरी आणि अक्का

माझ्या हिरड्यांतून आता रक्त येत नाही. यात सांगण्यासारखं काय आहे, असं कुणी म्हणेल. पण सकाळी ब्रश करताना फेस पांढराच राहिलेला दिसला की मला दर वेळी नव्याने बरं वाटतं, आणि मी आरशात स्वतःलाच दात दाखवून घेते. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला हे शोभतं का? न शोभू दे. कोण बघतंय!

माझं माहेर वराळ्याचं. तिथल्या आमच्या भाताच्या खाचरांत आता उंच इमारती उभ्या आहेत आणि भावाकडे जायचं तर मला दर वेळी रस्ता विचारावा लागतो. सासर औंढ्याचं, ते मात्र अजून शेतीतच आहे. दोन भावांची दोन घरं आणि मधे एकच पडवी. एका घरात थोरले दीर आणि थोरली जाऊ राहतात, दुसऱ्यात मी एकटी. जावेला मी अक्का म्हणते. सकाळी मी गुलाबांच्या पॉलिहाउसवर पॅकिंगच्या बायकांची सुपरवायझर असते. कुठल्या फुलाचा देठ किती लांब, कळी किती उमललेली, कुठलं फूल परदेशात जाणार आणि कुठलं पुण्याच्या बाजारात, हे ठरवायचं काम माझं. दुपारी घरी येते, जेवते आणि पडवीत अक्काजवळ जाऊन बसते. ही बैठक माझ्या दिवसातला सगळ्यात आवडता भाग आहे. पूर्वीही होता, पण तेव्हा आमच्यामध्ये एक डबी असायची.

मला एचआयव्ही आहे. हे वाक्य लिहिताना पूर्वी माझा हात अडला असता, आता अडत नाही. नवरा आजारी पडला तेव्हा त्याच्या मागोमाग माझीही तपासणी झाली आणि दोघांचेही रिपोर्ट सारखेच आले. कुणाकडून कुणाला आलं, या चौकशीत मी कधी पडले नाही. पडून काय मिळणार होतं? त्या काळी रिपोर्ट आल्या आल्या गोळ्या देत नसत. रक्तातल्या पेशी ठरावीक आकड्याच्या खाली गेल्या की मगच औषध सुरू व्हायचं. माझ्या पेशी अगदी सावकाश उतरत होत्या. त्याच्या भराभर उतरल्या. औषध हातात येईपर्यंत त्याला क्षयाने गाठलं होतं, आणि तो गेला.

गावाला आणि माझ्या सासूबाईंना याचं कोडं काही सुटलं नाही. तो तांदळाची पोती पाठीवर घेऊन चढ चढणारा, कधी शिंक न आलेला माणूस. मी जन्माची काटकुळी, वारा आला की पदर आणि मी दोघंही उडू अशी. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, तगडा गेला आणि काडी राहिली. मी ऐकते आहे हे त्यांना माहीत असायचं. त्यांनी माझं ताट-वाटी-तांब्या वेगळं काढलं होतं, माझे कपडे वेगळे वाळायचे. मी भांडले नाही असं समजू नका. मी तोंडाची तिखट आहे, तेव्हाही होते. पण ज्या बाईचा मुलगा गेलाय तिच्याशी भांडून जिंकलं तरी हातात काय येतं? शेवटच्या आजारपणात त्या माझ्याच हातची पेज प्यायच्या, तेवढ्यावर मी ते प्रकरण मिटवून टाकलं.

आमच्या घरात सगळ्या बायका मशेरी लावायच्या. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरडून पूड करायची आणि ती बोटाने दातांना आणि हिरड्यांना चोळत बसायचं. बाहेरच्यांना हे व्यसन वाटेल, आणि आहेच ते. पण आमच्याकडे ती बायकांची बैठक होती. पुरुषांना चहा-तंबाखूसाठी पार असतो, आम्हाला पडवी. तोंडात मशेरी असताना फार बोलता येत नाही, म्हणून जे बोललं जायचं ते कामाचं असायचं. घरातल्या निम्म्या गोष्टी तिथे ठरल्या आहेत.

नवऱ्याचं तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडवीच्या टोकाला, सगळ्यांपासून लांब बसले होते. सासूबाईंनी कागदावर चिमूटभर मशेरी ठेवून तो कागद माझ्याकडे सरकवला होता. तेवढ्यात अक्का आतून आली, माझ्या शेजारी फतकल मारून बसली आणि तिने स्वतःची पत्र्याची डबी माझ्यापुढे धरली. मी तिच्याकडे बघत राहिले. मशेरीचं बोट तोंडात जातं आणि तेच परत डबीत जातं, हे तिला काय माहीत नव्हतं? तिने डबी हलवून खूण केली, घे. मी घेतली. माझ्यानंतर तिने बोट बुडवलं आणि शांतपणे दात घासायला लागली. सासूबाई उठून आत गेल्या.

असल्या आजाराची लागण अशी होत नसते, हे दवाखान्यात मला सांगितलं होतं. पण अक्काला कुणीच काही सांगितलं नव्हतं. म्हणून मी मनाशी धरून बसले की या बाईला भीती म्हणून ठाऊकच नाही. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या डबीवर उभं राहिलं, असं म्हटलं तरी चालेल. मी नोकरी धरली, पेशी खाली आल्यावर गोळ्या सुरू झाल्या, हळूहळू गावाचंही माझ्यावरचं लक्ष उडालं. डबी रोज दुपारी मधे असायचीच.

आता हिरड्यांकडे येते.

गोळ्या मी नेमाने घेते. रक्तात विषाणू सापडत नाही, असा रिपोर्ट कित्येक वर्षं येतोय. त्यामुळे दवाखान्यात मी जरा तोऱ्यातच जाते. अलीकडे मात्र मला थकवा फार यायचा आणि रक्तदाबही वर सरकला होता. मी सगळं वयाच्या नावावर टाकून मोकळी झाले होते. दवाखान्यातल्या एचआयव्हीच्या केंद्रात नवीन आलेल्या डॉक्टर मॅडम मात्र अशा ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. वयाने माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी आणखी एक तपासणी करायला लावली आणि पुढच्या खेपेला कागद बघून म्हणाल्या, ताई, विषाणू झोपलाय, पण तुमचं शरीर काही झोपलेलं नाही. जरा दात दाखवा बरं.

मला राग आला. मी रक्ताच्या आजारासाठी आलेय आणि ही बाई दात बघते! पण दाखवले. त्यांनी हिरडीला नुसता चिमटा लावला आणि रक्त आलं.

मग त्यांनी मला खुर्ची जवळ ओढायला सांगून समजावलं. मला कळलं ते असं. हा विषाणू अंगात शिरला की शरीर त्याच्याशी लढायला उठतं, आणि हा पठ्ठ्या पूर्ण मरत नसल्यामुळे शरीर पुन्हा म्हणून खाली बसतच नाही. शिवाय सुरुवातीलाच तो आतड्याचं अस्तर विरळ करून ठेवतो, तिथून जंतूंचा कचरा रक्तात झिरपत राहतो आणि शरीर आणखी बिथरतं. लढणाऱ्या पेशी सतत कामावर राहून थकतात, लवकर मरतात. आजार पुढे सरकतो तो नुसत्या विषाणूमुळे नाही, या न थांबणाऱ्या झटापटीमुळेही. गोळ्यांनी ती पुष्कळ शांत होते, पण पूर्ण थांबत नाही. आणि त्यात हिरड्या सुजलेल्या असल्या की तिथलं दुखणं त्या झटापटीला रोज नव्याने डिवचतं. त्याचा त्रास हृदयाला होतो, रक्तवाहिन्यांना होतो.

मी म्हटलं, म्हणजे आमच्या राखणीसारखं. त्यांना कळलं नाही, म्हणून सांगितलं. भात तयार झालं की आमच्याकडे डोंगरातून रानडुकरं उतरतात. मग माणसं राखणीला बसतात, आणि चाहूल लागली की डबे वाजवत, ओरडत खाचरातून धावत सुटतात. सकाळी बघावं तर डुकरांनी खाल्लं त्याहून जास्त पीक आपल्याच माणसांच्या पायाखाली आडवं झालेलं. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, हे मी आता सगळ्यांना सांगणार.

मग मी त्यांना ते विचारलं जे मला कुणालाच विचारता आलं नव्हतं. माझा नवरा तगडा होता, मी काडी, मग मी कशी राहिले?

त्याला आधीपासून ताप यायचा का, गाठी होत्या का, असं त्यांनी आधी विचारलं. यायचा, रोज संध्याकाळी. गाठीही होत्या. मग त्या म्हणाल्या, "मी त्यांना पाहिलेलं नाही, त्यामुळे खात्रीने सांगणार नाही. क्षय मागे लागला की ही झटापट फार वाढते. पण क्षय नसतानाही एकाच विषाणूला काहींचं शरीर फार जोरात भिडतं, आणि त्यांचा आजार भराभर पुढे जातो. यात दंडाच्या ताकदीचा संबंध नसतो. आणि तुमचा काही दोष नव्हता."

दोष हा शब्द मी उच्चारला नव्हता. तरी त्यांनी तो ओळखला. इतकी वर्षं माझ्या मनात कुठेतरी होतं की मी त्याच्या वाटणीचं आयुष्य खाल्लं. त्या दिवशी दवाखान्याच्या बाहेर चहाच्या टपरीवर मी रडले आणि रडून झाल्यावर मला कमालीचं हलकं वाटलं. टपरीवाल्याने न मागता दुसरा चहा दिला. साखर जास्त होती, पण प्यायले.

मॅडमनी निघताना एकच गोष्ट बजावली होती. मशेरी बंद. ती सोडली म्हणजे सगळं ठीक होईल असं मी म्हणत नाही, पण हिरड्या बऱ्या होतील आणि शरीराला तेवढी तरी उसंत मिळेल, असं त्या म्हणाल्या. दातांच्या डॉक्टरांकडेही चिठ्ठी दिली.

बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं की खरी पंचाईत पुढेच आहे. मशेरी सोडायची म्हणजे अक्काची डबी नाकारायची. सगळ्या जगाने माझं ताट वेगळं काढलं तेव्हा जिने डबी पुढे केली, तिला मी आता हात आडवा करणार? आणि कारण सांगावं तर ते आणखी वाईट. मशेरी ती स्वतः भाजते, स्वतः चाळते. तुझ्या हातची मशेरी मला बाधली, हे तिला कसं सांगायचं? ती मनाला लावून घेणारी बाई आहे. रडून रडून जीव काढला असता. आणि तिच्याबरोबरची ती दुपारची बैठक गेली, तर मला घरी यायला काय कारण उरलं असतं? मला तब्येत हवी होती आणि अक्काही हवी होती.

म्हणून मी एक शहाणपणा केला. माझी आजी भाताचं तूस जाळून त्याच्या राखेने दात घासायची. आमच्याकडे गिरणीमागे तुसाचा ढीगच असतो. मी तूस तव्यावर काळं केलं, वाटलं आणि एका प्लॅस्टिकच्या डबीत भरलं. दिसायला हुबेहूब मशेरी. दुसऱ्या दिवशी पडवीत अक्काने डबी पुढे केली तर मी माझी काढली. म्हटलं, पॉलिहाउसवरच्या एका बाईने दिलीय, वेगळ्या चवीची आहे, जरा लावून बघते.

अक्काने माझ्या डबीकडे पाहिलं. मग स्वतःच्या डबीचं झाकण लावलं, ती कनवटीला खोचली आणि आत गेली.

मला वाटलं, काही काम आठवलं असेल. पण दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. तिसऱ्या दिवशी तिला म्हणे गोधड्या धुवायच्या होत्या. नंतर तर ती दुपारची झोपायलाच लागली, जी बाई जन्मात दुपारी आडवी झाली नव्हती. कालवण झाकून पाठवायची ते बंद झालं. दीर बिचारे दोन्ही घरांच्या मधे उभे राहून घसा खाकरायचे.

एरवी मी जाऊन विचारलं असतं. पण तंबाखू सुटली की माणसाचं काय होतं ते सोडणाऱ्यालाच विचारा. डोकं ठणकायचं, पोट साफ व्हायचं नाही आणि सगळं जग मुद्दाम माझ्या वाट्याला जातंय असं वाटायचं. पॅकिंगच्या बायका मला बघून गप्प व्हायच्या. देठ वाकडा कापला म्हणून एकीला मी इतकं बोलले की तिने कात्री टेबलावर ठेवली आणि म्हणाली, मॅडम, आधी तुमची ती तंबाखू लावून या. अक्काच्या बाबतीतही माझं असंच. म्हटलं, बसू दे फुगून. साधी डबी ती काय, तिचा एवढा मानापमान?

मग दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दिवा धरून आत पाहिलं आणि विचारलं, काय घासता हो? मी अभिमानाने तुसाची राख सांगितली. त्यांनी कपाळाला हात लावला. तुसाची राख म्हणजे बारीक रेतीच, म्हणाले. तंबाखूने सुजलेल्या हिरड्या मी आता घासून सोलून काढत होते. आगीतून फुफाट्यात.

घरी आले, डबी उकिरड्यावर भिरकावली आणि तशीच पडवीत गेले. आता अक्काला सगळं सांगून टाकायचं, रडली तर रडली, असं ठरवूनच गेले. ती सुपात तांदूळ घेऊन निवडत होती. मी समोर बसले. तोंड उघडणार तेवढ्यात तीच बोलली, सुपातून मान वर न करता.

"तुला कळलं ना?"

मी विचारलं, काय कळलं?

"त्या दिशीचं. तेराव्यानंतरचं. म्या डबी दिली आन् मंग मागल्या दारी जाऊन चुळा भरल्या. मीठ घालून. बोट रॉकेलनं धुतलं. कुनीतरी बघितलं आसंल आन् आता तुला सांगितलं. म्हून तू येगळी डबी काढलीस."

पंधरवडाभर ही बाई हे मनात घेऊन झोपेचं सोंग करत होती. मी तुसाची राख चोळत बसले होते आणि ही मी न दिलेली शिक्षा भोगत होती. मला आधी हसू आलं, ते दाबलं. मग मी तिला सगळं सांगितलं. हिरड्या, रक्त, मॅडम, राखणीची रानडुकरं, तुसाची राख, सगळं. तिला निम्मं कळलं असेल. पण मी डबी रागाने वेगळी काढली नव्हती, एवढं पक्कं कळलं. सूप बाजूला ठेवून तिने पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाली की मी महामूर्ख आहे, आधी सांगता येत नव्हतं का. बरोबरच होतं.

त्याच संध्याकाळी तिने तिची पत्र्याची डबी चुलीत रिकामी केली. मी सांगितलं नव्हतं. धुरामुळे आम्ही सगळेच खोकत अंगणात आलो. अक्का अजूनही कधी शेतात चोरून लावते. वास येतो मला, पण मी काही म्हणत नाही. माझ्या हिरड्या महिन्या-दोन महिन्यांत बऱ्या झाल्या, थकवा थोडा कमी आहे, रक्तदाबाची एक गोळी मागे लागलीय ती लागलीय. मॅडम म्हणतात, चाललंय ते चांगलं चाललंय. मलाही तसंच वाटतं. आम्ही दोघी दुपारी बसतो तेव्हा अक्काला हाताचं काय करावं ते कळत नाही, म्हणून ती शेंगा फोडायला घेते.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. सगळं बोलून झाल्यावर, ती परत सूप मांडीवर घेत होती तेव्हा, मी तिला विचारलं होतं. एवढी भीती वाटत होती तर दुसऱ्या दिवशी परत का आलीस? डबी परत का दिलीस?

अक्काने सुपातला एक खडा उचलला, अंगणात टाकला.

"दुसऱ्या दिशीबी भ्या वाटलं. रोजच वाटायचं. वरीसभर रोज चुळा भरत व्हते," ती म्हणाली. "पर तू हितं एकली बसायचीस, ते बघवंना. मंग कवातरी चुळा भरायच्या इसरूनच गेले."